पत्ता बदलला आहे

प्रिय मित्रा,

परवा फोनवर तू विचारलंस, "ट्विटर सोडलंस म्हणजे लिहिणंच सोडलंस की काय?" तेव्हा मी बाजारात होतो आणि मागे भाजीवाल्यांचा कल्ला चालला होता, त्यामुळे धड उत्तर देता आलं नाही. शिवाय हा विषय दोन वाक्यांत उरकण्यासारखा नाही. म्हणून हे लांबलचक पत्र.

रोज संध्याकाळी एका झाडाबद्दल चार ओळी लिहायच्या हा माझा नेम अजून चालू आहे. फक्त आता त्या ओळी मॅस्टोडॉन नावाच्या, ट्विटरसारख्याच एका दुसऱ्या जागी जातात. माझ्यावर ट्विटरवर काही अन्याय झाला म्हणून मी निघालो, असं मात्र समजू नकोस. माझं खातं कुणी बंद केलं नाही, कुणी मागे लागलं नाही. उलट त्या जागेने मला भरभरून दिलं. कारवी फुलली होती तेव्हा टाकलेला माझा फोटो तुला आठवत असेल. त्याखाली वेल्ह्याकडच्या एका आजींनी लिहिलं होतं, कारवीच्या काठ्या कापून त्यांचा कूड कसा विणायचा, वर शेणमाती कशी लिंपायची, आणि असा कूड नीट राखला तर किती पावसाळे काढतो. मला पुस्तकातून कारवी माहीत होती. त्या बाईंच्या घराच्या भिंतीच कारवीच्या होत्या.

निघण्याआधी मी माझा सगळा डेटा मागवून घेतला. तशी सोय तिथे आहे. झिप फाइल येते, ती उघडायची. माझं प्रत्येक वाक्य त्यात होतं, तारीख-वेळेसकट, ऱ्हस्वदीर्घाच्या चुकांसकट. आजींनी लिहिलेलं मात्र त्यात नव्हतं. साहजिकच आहे, ते त्यांचं लिखाण, त्यांच्या खात्यातलं. मग मी फॉलोअर्सची यादी उघडली. तिथे नावं नाहीतच. नुसते लांबलचक आकडे, एकाखाली एक. त्यातला कुठला आकडा म्हणजे आजी, कुठला म्हणजे तू, आणि कुठला तो रोज सकाळी "आज कुठलं झाड?" विचारणारा मुलगा, हे ट्विटरच्या आत गेल्याशिवाय कळायला मार्ग नाही. मी कितीतरी वेळ ती यादी वरखाली करत बसलो. आपण ज्यांना 'माझे वाचक' म्हणतो, त्यांच्यापर्यंत जाणारी एकुलती एक वाट दुसऱ्या कुणाच्या तरी खाजगी जमिनीतून जाते. मालक चांगला असो वा वाईट, वाट त्याचीच. मला सगळ्यात जास्त हेच टोचलं, आणि या पत्रात बाकी जे काही आहे ते सगळं यातूनच निघतं.

मालक कसा वागेल हा प्रश्न आपल्याकडेही एकदा येऊन गेलाय. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयातले ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचं ट्विटर खातं बंद झालं होतं. त्यांनी खात्यावर १९३६ सालचा एक प्रसिद्ध फोटो लावला होता. हॅम्बुर्गच्या गोदीत सगळा जमाव नाझी सलामी देतोय आणि एकच माणूस हाताची घडी घालून उभा आहे, तो. खातं परत मिळालं आणि मग एका हिंदी कवितेच्या जुन्या पोस्टवरून पुन्हा बंद झालं. त्या नोव्हेंबरात संतापलेल्या भारतीयांची रीघच लागली मॅस्टोडॉनवर. पत्रकार गेले, वकील गेले, विद्यार्थी गेले. त्यातले बरेचसे पुढे परत ट्विटरवर आले. तू म्हणशील, "मग? झालं ना सिद्ध?" मला त्यातून वेगळंच दिसतं. लोक रागाच्या भरात गेले, पण आपल्या माणसांना बरोबर घेऊन गेले नाहीत. रिकाम्या घरात कोण किती दिवस बोलणार!

मग २७ ऑक्टोबर २०२२ ला इलॉन मस्कने ४४ अब्ज डॉलर मोजून ट्विटर, म्हणजे आताचं एक्स, घेतलं. पुढचं तुला माहीत आहे. त्यातली एकच गोष्ट सांगतो, कारण ती बाकीच्या गदारोळात वाहून गेली. त्याच वर्षी डिसेंबरात ट्विटरवर मॅस्टोडॉनच्या लिंक टाकणं अडवलं गेलं. "मी तिकडे चाललोय, माझा पत्ता हा" एवढंही लोकांना सांगता येईना. त्यावर जाहीर केलेला नियम टीकेमुळे लगेच मागे घेतला, पण मागे घेणंही त्यांच्याच मर्जीवर होतं. घर सोडून जाणाऱ्याला दारावर नवा पत्तासुद्धा चिकटवू द्यायचा नाही! त्या पूर्वीच्या कुठल्याही भांडणापेक्षा मला हे जास्त गंभीर वाटतं.

आता तुझा दुसरा प्रश्न, "ते मॅस्टोडॉन म्हणजे नक्की काय आणि त्याचा मालक कोण?" ऑयगन रोचको नावाच्या जर्मनीतल्या एका तरुणाने २०१६ मध्ये ते सॉफ्टवेअर लिहून खुलं केलं. ते कुणीही उतरवून घ्यावं आणि आपला सर्व्हर, म्हणजे लोकांची खाती सांभाळणारा संगणक, थाटावा. असे हजारो सर्व्हर आहेत, कुणी एकट्याने चालवलेले, कुणी संस्थेने, काही तर चक्क सहकारी तत्त्वावर. सोशल डॉट कूप नावाचा एक सर्व्हर २०१७ पासून सभासदांच्या मालकीचा आहे, निर्णय सभासद मिळून घेतात. प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याचा इतिहास पाठ असलेल्या तुला याचं अप्रूप समजावून सांगायला नको.

हे सगळे सर्व्हर एकमेकांशी बोलतात. तुझा ईमेल एका कंपनीचा, माझा दुसऱ्या कंपनीचा, तरी पत्र पोचतंच ना? तसंच. सर्व्हरांनी आपसात बोलायची जी रीत आहे तिचं नाव अ‍ॅक्टिव्हिटीपब, आणि वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीने २०१८ मध्ये तिला मान्यता दिली. त्यामुळे हीच रीत पाळणाऱ्या पीअरट्यूब साइटवरचा व्हिडिओ किंवा तशाच पिक्सेलफेडवरचा फोटो मला माझ्या मॅस्टोडॉनच्या खात्यातून बघता येतो, तिथे वेगळं खातं न काढता. आणि माझ्या मुद्द्याची गोष्ट अशी की सर्व्हर पटला नाही तर दुसरीकडे खातं हलवता येतं आणि फॉलोअर्स आपोआप नव्या पत्त्यावर येतात. जुन्या पोस्ट येत नाहीत, हे खरं. पण माणसं येतात. मला निवडायला सांगितलंस तर मी माणसंच निवडीन.

उणिवाही सांगतो, नाहीतर आल्यावर तू माझ्याच नावाने शंख करशील. तिथले खाजगी निरोप पूर्ण गुप्त नसतात, सर्व्हर चालवणाऱ्याला तांत्रिकदृष्ट्या ते वाचता येतात. तेव्हा बँकेचं, घरचं काही तिथे बोलायचं नाही. सर्व्हर बंदही पडतात. मॅस्टोडॉनच्या अधिकृत यादीतल्या सर्व्हरांनी बंद करण्याआधी निदान तीन महिने कळवायचं असा करार आहे, म्हणून निवडताना त्या यादीतलाच निवड. आणि फुकट काहीच नसतं. जाहिराती नाहीत म्हणजे वीज, डिस्क, रात्री-अपरात्री उठून बिघाड दुरुस्त करणाऱ्याचा वेळ, हे सगळं कुणाच्या तरी खिशातून जातं. मी माझ्या सर्व्हरला दरमहा थोडी रक्कम देतो, गल्लीतल्या मंडळाची वर्गणी देतो तशी. ती देताना मला बरं वाटतं, कारण कुणाला देतोय ते मला माहीत असतं, त्याला मी प्रश्न विचारू शकतो आणि तो उत्तर देतो.

"मग गुंडांना कोण आवरणार?" हेही तू विचारलं होतंस. प्रत्येक सर्व्हरचे आपले नियम असतात आणि नाठाळ सर्व्हरशी संबंध तोडण्याची मुभा असते. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या गॅब या द्वेषाने भरलेल्या साइटने मॅस्टोडॉनचंच सॉफ्टवेअर वापरायला घेतलं. सॉफ्टवेअर खुलं, त्यामुळे त्यांना कुणी रोखू शकत नव्हतं. पण बहुतेक सर्व्हरांनी त्यांना दार बंद केलं आणि ते आपल्या कोपऱ्यात एकटे राहिले. वरून हुकूम आला नाही. ज्याने त्याने आपापलं ठरवलं.

ब्लूस्काय या ट्विटरसारख्याच आणखी एका साइटबद्दल थोडक्यात. नोव्हेंबर २०२४ मध्ये तिथे दोन कोटी लोकांचा टप्पा ओलांडला, वातावरण छान आहे, वापरायला सोपं आहे. रचना विकेंद्रित आहे, पण अजून बहुतेक लोक त्या एकाच कंपनीच्या सर्व्हरवर आहेत. तुला तिथेच जायचं असेल तर जा, ट्विटरपेक्षा दार नक्कीच जास्त उघडं आहे. थ्रेड्स फेसबुकवाल्या मेटा कंपनीचं आहे, त्यामुळे ते माझ्या हिशेबातच नाही. आणि "आपलं देशी काहीतरी हवं" असं तू म्हणतोस, तर ट्विटरसारखंच असलेलं कू आठवून बघ. बंगळुरूचं, मराठीसकट कितीतरी भारतीय भाषांत चालणारं. जुलै २०२४ मध्ये बंद झालं. त्याआधी ३० सप्टेंबर २०१४ ला ऑर्कुट गेलं, ज्यावर आपली अर्धी कॉलेजची मैत्री नांदली. कंपनी कुठल्या देशातली आहे याने फरक पडत नाही रे. मालक एकच असेल तर त्याने शटर ओढलं की सगळ्यांचंच सगळं आत राहतं.

मला सगळ्यात जड गेलं ते मराठीचं. ट्विटरवर सकाळी उघडलं की मराठीचा धबधबा असायचा. इकडे सुरुवातीचे काही आठवडे माझ्या पोस्टखाली एक अक्षर उमटत नव्हतं. इथे मुख्य पानावर तुमची पोस्ट चार अनोळखी लोकांपुढे ढकलणारं यंत्र नाही. ज्यांनी तुम्हाला शोधलं किंवा हॅशटॅगवरून गाठलं, मुख्यतः त्यांनाच तुम्ही दिसता, आणि दिसता ते लिहिलं त्या क्रमाने. म्हणून मी प्रत्येक पोस्टची भाषा 'मराठी' निवडतो (तशी सोय आहे), हॅशटॅग लावतो, दुसऱ्या कुणाची मराठी पोस्ट दिसली की मुद्दाम उत्तर लिहितो. हळूहळू माणसं सापडली. नाशिकच्या एक शिक्षिका, दुबईतला एक इंजिनियर जो फक्त जुन्या एसटी गाड्यांवर लिहितो, नागपूरचा एक पक्षीवेडा. मूठभरच आहेत, पण इतक्या निवांतपणे बोलतात! मायबोली ही मराठी साइट आठव. परदेशात राहणाऱ्या मराठी माणसांनी १९९६ मध्ये सुरू केली आणि मोठमोठ्या कंपन्यांच्या साइट आल्या नि गेल्या तरी ती चालूच आहे. थोड्या लोकांनी नेटाने चालवलेली जागा टिकते, हे आपल्या भाषेने आधीच करून दाखवलंय.

इथली एक रीत मला फार आवडली. फोटो टाकला की त्याचं शब्दांत वर्णन द्यायचं, ज्यांना दिसत नाही त्यांचा स्क्रीन रीडर ते वाचून दाखवतो. ट्विटरवरही ही सोय होती, पण तिथे ती वापर असं मला कधी कुणी म्हटलं नाही. इथे पहिल्याच फोटोखाली एकाने अगदी नम्रपणे सुचवलं. मग मी पांगाऱ्याचं वर्णन लिहिलं: पानं गळालेली काटेरी फांदी, टोकाला शेंदरी-लाल फुलांचा झुबका, त्यात चोच खुपसून बसलेली साळुंकी, पाठीमागे कोरडं निळं आकाश. दुसऱ्या दिवशी एका गृहस्थाने विचारलं, "शाळेच्या कुंपणाला हात लावला की काटे टोचायचे, बुंध्यालाही असायचे. तेच का हे झाड? त्याला लाल फुलं येतात हे मला माहीत नव्हतं." तेव्हापासून मी झाड बघतानाच जास्त नीट बघायला लागलोय. साल कशी लागते, वास कसला येतो, हेही लिहितो.

एका बाबतीत मी तुला आग्रह करणार नाही. मुंबईत पाऊस कोसळला की लोकल कुठे अडकल्या, कुठल्या सबवेत पाणी भरलं, हे अजून ट्विटरवरच आधी कळतं, आणि तुला रोज कल्याणहून जायचं असतं. ते वाचायला खातं ठेव. पण ही सरकारी माहिती एका खाजगी कंपनीच्या दाराआड असणं बरोबर नाही. ३० जून २०२३ ला ट्विटरने खातं नसलेल्यांना काहीच दिसणार नाही असं केलं आणि दुसऱ्याच दिवशी पडताळणीची निळी टिक नसलेल्या खात्यांना दिवसाला ६०० पोस्टची मर्यादा घातली. पुढे हे सैल केलं म्हण, पण ऐन पावसाळ्यात केलं होतं! जर्मनीत माहिती संरक्षण आयुक्तांचं कार्यालय सरकारी खात्यांसाठी स्वतःचा मॅस्टोडॉन सर्व्हर चालवतं, नेदरलँड्स सरकारने २०२३ मध्ये आपला सुरू केला. आपल्या महापालिकेला, रेल्वेला हे जमणार नाही असं मला अजिबात वाटत नाही. मागणी आपणच करायला हवी, आणि ती करायची तर आधी आपल्यातल्या काहींनी तिथे असायला हवं.

तुला मी लगेच खातं बंद कर म्हणत नाही. आधी तुझा डेटा मागव, यायला वेळ लागतो. मग तुझ्या किल्ल्यांच्या नकाशांखाली जी माणसं नेमाने लिहितात, ती जुन्नरची बाई, तो साल्हेरवर राहून आलेला पोरगा, त्यांना एकेक करून विचार, ईमेल किंवा फोन नंबर मागून घे. ही खटपट कंटाळवाणी आहे, मी केली आहे, आणि आजींचा पत्ता त्यातूनच त्यांच्या नातवाकडून मिळाला. मग सर्व्हर निवडायला बसू. येत्या रविवारी दुपारी फोन कर, लॅपटॉप समोर ठेव, अर्ध्या तासात खातं उघडून होईल. पहिला नकाशा राजमाचीचाच टाक आणि त्याचं वर्णन नीट लिही, कुठून चढ लागतो, पाण्याची टाकी कुठे आहेत. त्या पांगाऱ्यावाल्या गृहस्थांना मी आधीच सांगून ठेवलंय की असा एक माणूस येतोय.

वहिनींना नमस्कार. चिमणीची परीक्षा कशी झाली ते कळव.

तुझाच