आधी संडास उघडा, मग तपासणी मागा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

घरकामाला आणि स्वयंपाकाला येणाऱ्या परप्रांतीय बायकांची जंतांसाठी तपासणी सक्तीची करा, अशी मागणी करणारे एका वाचकाचे पत्र आपल्या अंकात वाचले. त्यात न्यूयॉर्कचा दाखला होता. दाखला खरा आहे, पण अर्धाच सांगितला आहे.

न्यूयॉर्कच्या सनातनी ज्यू समाजातल्या चार जणांना वारंवार फिट येत होत्या. चौघांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. मेंदूतल्या गाठी डुकरातून येणाऱ्या पट्टकृमीच्या, म्हणजे टेपवर्मच्या अळ्यांच्या निघाल्या. डुकराचे मांस यांना धर्मानेच वर्ज्य! मग त्यांच्याकडे कामाला असलेल्या, लॅटिन अमेरिकेतून नुकत्याच आलेल्या बायकांची तपासणी झाली. एकीच्या पोटात पट्टकृमी सापडला, दुसरीची रक्ततपासणी पॉझिटिव्ह आली. अशा देशांतून आलेल्यांना घरकामावर किंवा खाद्यपदार्थांच्या कामावर ठेवण्याआधी तपासावे, अशी शिफारस डॉक्टरांनी १९९२ साली केली.

तिथे रोग बाहेरून आला होता. आपल्याकडे तो घरचाच आहे. मग 'परप्रांतीय' ही चाळणी कशासाठी? अळ्या असलेले डुकराचे मांस कच्चे राहिले आणि खाल्ले गेले, की पोटात जंत वाढतो. त्या माणसाच्या शौचातून अंडी पडतात. ती न धुतलेल्या हातांतून किंवा मैलापाणी लागलेल्या भाजीतून दुसऱ्याच्या पोटात गेली, तर त्यांतून निघालेल्या अळ्या मेंदूपर्यंत पोहोचू शकतात. म्हणून शुद्ध शाकाहारी माणसालाही हा आजार होतो आणि दोष मैलापाण्याचा असताना बदनामी बिचाऱ्या कोबीची होते. जंत बाळगणारा घरचा मुलगाही असू शकतो. आणि ती कामाची बाई असेल, तर पहिला धोका तिला स्वतःलाच आहे.

मी प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून नोकरी केली, शौचाचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यात बरीच वर्षे गेली. ही अंडी रोज पडत नाहीत, त्यामुळे एका नमुन्यात 'काही आढळले नाही' याचा अर्थ जंत नाही असा होत नाही. गाईबैलांतून येणाऱ्या पट्टकृमीची अंडीही हुबेहूब तशीच दिसतात. शौचातले प्रतिजन, म्हणजे जंताचे सूक्ष्म अंश शोधणारी चाचणी अधिक भरवशाची, पण ती गल्लीतल्या लॅबमध्ये मिळत नाही. तेव्हा नोकरीला लावताना एकदा कागद घेऊन फाइलला लावला, तर मालकिणीला समाधान मिळेल, एवढेच.

सापडलाच जंत, तर निक्लोसमाइड किंवा प्राझिक्वांटेलच्या एका मात्रेत तो बहुधा जातो. त्यासाठी कुणाची भाकरी काढून घेण्याचे कारण नाही. मात्र मेंदूत आधीच गाठी असतील, तर प्राझिक्वांटेलने फिट येऊ शकते. म्हणून औषध डॉक्टरांनीच द्यायचे, सोसायटीच्या सेक्रेटरींनी नव्हे. शाळेत जंतनाशक दिनाला मिळणाऱ्या अल्बेंडाझोलच्या एका गोळीवरही या जंतासाठी विसंबता येत नाही.

तपासणीला माझा विरोध नाही. हॉटेलांत अन्न हाताळणाऱ्यांची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी कायद्यानेच बंधनकारक आहे. आखातात नोकरीला जाणारी आपली कोकणातली मुले शौचाचा नमुना देऊनच विमानात बसतात. पण कित्येक सोसायट्यांत सकाळी सातपासून चार घरांची भांडी घासणाऱ्या बाईला एकाही घरातला संडास वापरू देत नाहीत. ती कुठे जाते, हात कशाने धुते, हे विचारायचे नाही. आणि तिच्याच हातची पोळी खाताना तिच्याकडे प्रमाणपत्र मागायचे!

महापालिकेच्या दवाखान्यांत ही तपासणी आणि औषध मोफत मिळावे, अहवाल फक्त त्या व्यक्तीच्याच हाती द्यावा, आणि मेंदूत अशा गाठी असलेला रुग्ण सापडेल त्या घरातल्या मालक-नोकर सगळ्यांना तपासावे. सोसायट्यांनी कामगारांसाठी तळमजल्यावर एक संडास, पाणी आणि साबण ठेवावा. याला कुठल्याही सरकारी आदेशाची वाट पाहावी लागत नाही.

आपला,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ, पुणे