काका, यंदा आमची फरशी ऊबदार आहे

तीर्थस्वरूप काकांना,
साष्टांग नमस्कार.

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "मुलं कशी आहेत?" विचारून विषय बदलता. म्हणून हे जाहीर पत्र. शिवाय थंड मुलखात लाकडाचा बॉयलर घेऊन बसलेली आपली आणखीही माणसं असतील, त्यांच्या उपयोगी पडेल.

गेल्या वर्षीचा जानेवारी आठवला की अजून काटा येतो अंगावर. अमेरिकेतल्या व्हरमाँटमधलं हे घर घेताना फरशीखालून गरम पाण्याच्या नळ्या फिरवल्यात याचं आम्हाला केवढं अप्रूप होतं! ज्याने जोडणी केली त्याने "लाकूड टाकत राहा" एवढंच सांगितलं. बाहेर उणे 22. आम्ही दोघं रात्री आळीपाळीने उठून लाकूड टाकायचो, तरी सकाळी फरशी गारच. धुराड्यातून काळं चिकट डांबर ओघळायचं. ते पेट घेतं आणि घराला आग लागते, हे कळल्यापासून माझी झोपच उडाली होती.

तुम्ही आमच्या शेजारी, तुमच्या मुलाकडे तीन महिने पाहुणे म्हणून आला होतात. साखर कारखान्याच्या बॉयलर हाऊसमध्ये तुमची उभी हयात गेली, हे वहिनींकडून कळलं. आमच्या तळघरात आलात, पाच मिनिटं नुसते उभे राहिलात. मग हातमोजा काढून फरशीकडून बॉयलरकडे परतणाऱ्या पाइपवर तळवा ठेवलात. म्हणालात, "अगं, हे तर गार पाणी. रोग इथं आहे."

काँक्रीटच्या थंड लादीतून फिरून आलेलं पाणी थेट बॉयलरात शिरत होतं. त्याने आतले पत्रे थंड पडायचे, धुरातली वाफ त्यांच्यावर पाणी होऊन बसायची, डांबर चिकटायचं आणि पत्रा गंजायचा. परतीचं पाणी 60 अंश सेल्सियसच्या खाली बॉयलरात जाता कामा नये, हे तुम्ही वहीत चित्र काढून समजावलंत. आमच्या मापकावर फॅरनहाइट, म्हणून 140 च्या आकड्यावर मी नेलपॉलिशचा लाल ठिपका लावला. तो अजून आहे. बॉयलरचंच थोडं गरम पाणी परतीत मिसळणारा व्हॉल्व्ह तुम्ही प्लंबरकडून बसवून घेतलात, आणि तो काम करत होता तोवर शेजारी खुर्ची टाकून बसलात.

लाकडाचंही तसंच. ओकचा ओंडका फोडलात, आतली बाजू गालाला लावलीत, "ओलं आहे." ओलाव्याच्या मापकाने दाखवले 32 टक्के, असायला हवेत 20 च्या आत. ओल्या जळणाची किती आग नुसती पाणी आटवण्यात जाते! माझी आजी बंब पेटवताना ओली फाटी बाजूला काढायची. एवढं साधं मी कशी विसरले होते?

तुमच्या चित्राप्रमाणे ऑक्टोबरात गरम पाणी साठवायची 2000 लिटरची टाकी बसवली. आता हवा बंद करून आग कोंडावी लागत नाही. संध्याकाळी एकदाच भरभरून जाळायचं आणि टाकी 80 अंशांवर न्यायची. फरशीला लागतं जेमतेम 38 अंशांचं पाणी, त्यामुळे टाकी 40 वर उतरेपर्यंत घर तिच्यावर चालतं. त्यातून जवळपास 93 युनिट (किलोवॅट-तास) उष्णता मिळते, हा हिशेबही तुमचाच. रात्री आता कोणी उठत नाही.

मार्चमध्ये इथल्या मेपलच्या गुऱ्हाळात आपण गेलो होतो, आठवतं? 40 लिटर रस आटवून लिटरभर पाक. तुम्ही त्या भट्टीसमोर तासभर उभे होतात. परतताना गाडीत तुम्ही कारखान्याच्या बॉयलर अग्निप्रदीपनाबद्दल सांगितलंत, पहिल्या आगीआधीची पूजा, नारळ. यंदा पहिल्यांदा पेटवताना मी बॉयलरच्या दाराला हळदकुंकू वाहिलं आणि नारळ फोडला. त्या दिवशी तुम्ही इथे हवे होतात.

तुम्ही सुरू करून दिलेली नोंदवही रोज भरते. वेळ, तापमान, लाकूड किती, सगळं.

आई आली आहे साताऱ्याहून. आल्या दिवशी दोन-दोन मोजे घालून पलंगावरून उतरायला तयार नव्हती. परवा पाहते तर मोजे खुंटीला, आणि ती स्वयंपाकघरात फरशीवर मांडी घालून मटार सोलत बसलेली.

काकूंना नमस्कार.

तुमची,
शेजारीण