सिस्टर, त्या रात्री तुम्ही माझं ऐकलं नाहीत म्हणून

रात्रपाळीच्या सिस्टर, नमस्कार.

डिस्चार्जच्या गडबडीत तुमच्याशी बोलणं राहूनच गेलं. इतक्या पेशंटांच्या नातेवाइकांतून मी तुम्हाला आठवणार नाही, म्हणून खूण सांगते: ‘अहो, तोच स्कॅन करा ना, एवढं काय त्यात!’ असं तुमच्यावर खेकसणारी ती मी.

बाबांचं हिमोग्लोबिन उतरलं होतं. रक्त चढवायचं ठरलं आणि क्रॉस मॅचचा, म्हणजे चढवायचं रक्त बाबांच्या रक्ताशी जुळतं का हे तपासायचा, नमुना घ्यायला तुम्ही आलात. रात्रीचे दोन वाजले असतील. ‘काका, पूर्ण नाव सांगा.’ बाबांचं कानातलं यंत्र डबीत. ते म्हणाले, ‘हो.’ जन्मतारीख विचारलीत. ‘हो हो.’ कुणाचंही नाव घेऊन ‘तुम्हीच ना?’ म्हटलं असतं, तरी त्यांनी मान डोलावलीच असती. तुम्ही नाव पेशंटकडूनच का वदवून घेता, ते मला तिथे कळलं. तोवर दर वेळी तेच ते विचारतात म्हणून मी वैतागलेली असायचे.

मग तुम्ही मनगट पाहिलंत, तर नाव आणि बारकोड असलेला पट्टा नाही. हाताला सूज आली म्हणून दुपारी तो कापला होता आणि संध्याकाळी आमचा पलंग बदलला होता. मी कठड्याकडे बोट दाखवलं. तिथे चिकटपट्टीने एक पट्टा लावलेला होता, बारकोड सपाट, स्कॅनरला अगदी सोयीचा. तुम्ही म्हणालात, ‘मला पलंगाचं रक्त नाही घ्यायचं, काकांचं घ्यायचंय.’ त्यावर मी आवाज चढवला.

तुम्ही वाद घातला नाहीत. टॉर्च मारून पट्टा वाचलात आणि मलाही वाचायला लावलात. नाव दुसऱ्याचंच! आमच्या आधी त्या पलंगावर असलेल्या गृहस्थांचं. त्यांना नुसतं दुसऱ्या वॉर्डात हलवलं होतं.

माझ्या पोटात गोळा आला तो दुसऱ्या दिवशी, सगळं नीट समजल्यावर. तो कोड स्कॅन झाला असता तर तुमच्या छोट्या प्रिंटरमधून त्यांच्या नावाचं लेबल निघालं असतं आणि बाबांच्या रक्ताच्या नळीवर बसलं असतं. नळीतलं रक्त कुणाच्या हातातून आलंय, हे रक्तपेढीला कुठून दिसणार? आधीचा रक्तगट नोंदलेला असेल किंवा दुसरा नमुना मागवला असेल, तर तफावत लक्षात येते. एरवी लेबल म्हणेल तेच खरं. आणि त्या गृहस्थांना रक्त लागलं असतं तर? ‘ए’ गटाच्या माणसाला ‘बी’ गटाचं रक्त गेलं की चढवलेल्या तांबड्या पेशी अंगातच फुटू लागतात. ताप, कंबरदुखी, लालभडक लघवी, आणि गोष्ट मूत्रपिंडं बंद पडण्यापर्यंत जाऊ शकते. घाई माझी, भोग त्या अनोळखी माणसाचे.

नंतर मी याबद्दल थोडं वाचलं. औषध देण्याआधी मनगटावरचा बारकोड स्कॅन करायची कल्पना एका नर्सचीच, सू किनिक यांची. भाड्याची गाडी परत करताना तिथला माणूस बारकोड स्कॅन करतो हे त्यांनी पाहिलं आणि १९९२ साली अमेरिकेतल्या टोपेका इथल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात ही सूचना मांडली. पण मला जास्त भिडला तो २००८ मधला एक अभ्यास. काही रुग्णालयांत पेशंटचे बारकोड कॉम्प्युटरच्या गाडीला, दाराच्या चौकटीला, अगदी नर्सच्या कमरेच्या कड्यालाही लावलेले सापडले होते. आळस म्हणून नव्हे हं. पट्टे चुरगळतात, भिजून पुसट होतात, स्कॅनरची बॅटरी ऐन वेळी उतरते आणि शेजारी माझ्यासारखी कुणीतरी घाई करत उभी असते.

तुम्ही मात्र नवा पट्टा काढून आणलात. नाव आणि जन्मतारीख मला विचारून फाइलशी ताडून पाहिलीत, बाबांच्या दुसऱ्या हाताला पट्टा बांधलात, आत दोन बोटं जातात का ते बघितलंत. स्कॅनर ‘टुंग’ वाजला, लेबल निघालं आणि ते नळीवर तुम्ही तिथेच, पलंगापाशीच चिकटवलंत. सगळं मिळून जेमतेम दहा मिनिटं. त्या दहा मिनिटांसाठी मी तुमच्यावर ओरडले होते.

सिस्टर, मनापासून आभार. आणि बाबांचा निरोप: त्या रात्री तुम्ही काय विचारत होतात ते त्यांना अजूनही माहीत नाही, पण पुढे डिस्चार्ज होईपर्यंत वॉर्डात पांढऱ्या कपड्यातलं कुणीही आलं, अगदी चहावाला मामासुद्धा, की ते आधी मनगट पुढे करायचे.