झोनिनसचा बिल्ला

पुणे, रविवार

प्रिय दिन्या,

फोनवर तू विचारलंस, "रोम कसं वाटलं?" आणि मी "मस्त" म्हणून मोकळा झालो. घरात तेव्हा बॅगा उघडून चॉकलेटांची वाटणी चालली होती, त्या गलक्यात काय सांगणार? आज ही माहेरी गेलीय, म्हणून निवांत लिहायला बसलोय.

आमच्या टूरवाल्यांनी युरोप दाखवला तो बहुतेक बसच्या काचेतून. रोममध्ये मात्र एक दुपार मोकळी मिळाली. निम्मी मंडळी खरेदीला गेली, निम्मी हॉटेलात आडवी झाली. मी टर्मिनी स्टेशनसमोरच्या संग्रहालयात शिरलो. डायोक्लेशन बादशहाने बांधलेल्या स्नानगृहांच्या अवाढव्य भिंतींत ते थाटलंय. आत सगळे शिलालेखच. लॅटिनचं आपल्याला ओ की ठो कळत नाही, त्यामुळे मी भराभर पुढे सरकत होतो. तेवढ्यात एका काचेमागे लोखंडी कडं दिसलं, त्यात अडकवलेली कांस्याची गोल चकती. वाटलं, कुत्र्याचा पट्टा असणार. आपली महापालिका बिल्ला देते तसला. खालचं भाषांतर वाचलं आणि तिथेच थबकलो. चकतीवर कोरलंय: "मी पळालोय, मला धर. माझा मालक झोनिनस याच्याकडे परत आणून दिलंस तर तुला एक सोन्याचं नाणं मिळेल."

चौथ्या-पाचव्या शतकाच्या आसपासचं ते कडं, एका गुलामाच्या गळ्यातलं. असली चाळीसेक तरी सापडलीत म्हणे. सोन्याचं नाणं म्हणजे सॉलिडस, वजन साडेचार ग्रॅम. अर्धा तोळाही भरत नाही. पण मला बोचलं ते वेगळंच. चकतीवर मालकाचं नाव आहे, बक्षीस आहे, ज्याच्या गळ्यात ते अडकवलं त्याचं नाव नाही. आणि तरी बोलतोय तोच! "मला धर" हे त्याच्याच तोंडी घातलंय. तो गप्प उभा राहिला असता तरी त्याचा गळा त्याची चुगली करत राहिला असता.

तेव्हापासून डोक्यात हेच आहे. आल्यापासून रोज रात्री काही ना काही वाचतो. ही म्हणते, एवढा अभ्यास कॉलेजात केला असतास तर कुठल्या कुठे गेला असतास.

तू वकील, म्हणून तुझ्या कामाचं आधी सांगतो. रोमच्या बाजारात गुलाम विकणाऱ्याला माल खोटा नाही याची हमी द्यावी लागे, तसा सरकारी हुकूमच होता. आजार काय आहे, पूर्वी पळाला होता का, भटकण्याची खोड आहे का, सगळं उघड करायचं. बऱ्याचदा गळ्यात पाटीच लटकवत. दोष लपवला असेल तर सहा महिन्यांच्या आत सौदा मोडता येई. गुराढोरांच्या विक्रीचे नियमही त्याच हुकुमात. त्यावर कायदेपंडितांनी कीस पाडलाय तो वाचून तू गार पडशील. जीभ कापलेला माणूस निरोगी धरायचा का? उत्तर म्हणून ऑफिलियस नावाच्या एका पंडिताचं मत दाखवलंय, ते त्याने घोड्याबद्दल दिलेलं होतं: नाही, निरोगी धरता येणार नाही. प्रश्न मिटला.

व्हॅरो म्हणून एक विद्वान होता. शेतीची अवजारं तीन प्रकारची, असं तो लिहितो: मुकी म्हणजे गाड्या, अर्धवट आवाज काढणारी म्हणजे बैल, आणि बोलणारी म्हणजे गुलाम. बोलणारी म्हटलं खरं, पण कोर्टात त्यांचं बोलणं कधी ग्राह्य? छळ करून वदवून घेतलं तर. सरळ तोंडाने सांगितलेलं धरायचंच नाही, असा सर्वसाधारण दंडक होता.

आता पेडानियस सेकुंदसचं प्रकरण ऐक. इ. स. 61, नीरोचा काळ. हा रोमचा नगराधिपती. त्याच्याच एका गुलामाने त्याचा खून केला. कोणी म्हणे, सुटकेची किंमत ठरवून मालक फिरला. कोणी म्हणे, आणखी भानगड होती. जुना नियम असा, की मालकाचा खून झाला तर त्या छपराखालचे सगळे गुलाम मारायचे. या घरात होते 400. बायका, पोरं, ज्यांना खुनाचा गंधही नव्हता ते सुद्धा. शहरात लोक खवळले, सेनेटबाहेर गर्दी जमली. आत कॅसियस लाँगिनस उभा राहिला. तुझ्याच धंद्यातला, त्या काळचा नावाजलेला कायदेपंडित. त्याचं म्हणणं, असल्या गाळाला धाकाशिवाय आवर नाही; निरपराध मरतील हे खरं, पण हरलेल्या सैन्यात दहातला एक मारतात तेव्हा शूरांच्याही चिठ्ठ्या निघतातच की. लोक दगड आणि मशाली घेऊन आडवे आले, तेव्हा नीरोने वाटेवर दुतर्फा सैनिक उभे केले आणि 400 जणांना नेलं. टॅसिटस या इतिहासकाराने कॅसियसचं भाषण सविस्तर दिलंय. त्या चारशेंतल्या एकाचाही शब्द नाही. त्यांना विचारलं कोणी?

विचारलं तर काय होतं, त्याचाही एक मासला आहे. हेड्रियन बादशहाने रागाच्या भरात लेखणी भोसकून एका गुलामाचा डोळा फोडला. मग पस्तावला, म्हणाला, माग काय हवं ते. गुलाम गप्पच. पुन्हा पुन्हा विचारल्यावर म्हणाला, दुसरं काही नको, माझा डोळा द्या. गेलन वैद्याने नोंदवलंय हे. अख्ख्या वाचनात मला आवडलेला एकच माणूस, आणि त्याचंही नाव ठाऊक नाही.

सुटकेची वाट होती, नाही असं नाही. मालक मोकळं करी, पाच टक्के कर भरावा लागे, आणि रीतसर सुटलेला थेट रोमचा नागरिक होई. होरेस कवीचा बाप असाच सुटलेला गुलाम. पण खाणीत किंवा पिठाच्या जात्याला जुंपलेल्यांना ती वाट कितीशी दिसत असेल?

पुतण्या इंग्लंडला आहे ना, त्याने साउथ शील्ड्सच्या रोमन किल्ल्यातल्या एका थडग्याच्या दगडाचा फोटो पाठवला. रेगिना नावाची बाई, ब्रिटनमधल्याच एका टोळीतली. सीरियातल्या पालमिराहून आलेल्या बाराटेसची आधी गुलाम, मग त्याने मुक्त केलेली बायको. वय 30. वेताच्या खुर्चीत बसलीय, शेजारी लोकरीच्या गुंड्यांची टोपली, एक हात दागिन्यांच्या पेटीवर. वरचं लॅटिन चुकीचं, मोडकंतोडकं आहे. खाली मात्र एक ओळ त्याने स्वतःच्या लिपीत कोरून घेतलीय: "रेगिना, बाराटेसने मुक्त केलेली, हाय!" लॅटिनमध्ये न लिहिलेला तो "हाय" वाचून मला बराच वेळ काही सुचलं नाही. त्याने तिला विकत घेतलं होतं, हेही विसरता येत नाही. तिचं काय म्हणणं होतं कोण जाणे. दगडावरचा तिचा चेहरा फुटून गेलाय.

दिन्या, एक विचारायचं राहिलंय. अकरावीच्या सुट्टीत तुझ्या आजोळी माळ्यावर जुन्या कागदांचं दफ्तर उघडलं होतं, आठवतं? तुझ्या मामांनी एक मोडी कागद वाचला, पेशवाईतला, कुणबिणीच्या, म्हणजे विकत घेतलेल्या दासीच्या, खरेदीचा. घेणाऱ्याचं नाव, देणाऱ्याचं नाव, रुपये. आपण हसलो होतो, आणि मामांनी तो घाईघाईने परत बासनात घातला होता. तिचं नाव त्यात होतं का, हे मला काही केल्या आठवत नाही. कागद अजून असेल तर फोटो काढून पाठव. मोडी वाचणारे एक गृहस्थ इथे माझ्या ओळखीचे आहेत. मामांना विचारायला अवघड वाटत असेल तर मीच येतो, तसंही तुझ्याकडे येणं लांबलंय.

वहिनींना नमस्कार. चॉकलेटं येताना आणतो, उरली तर.

तुझा,
अव्या