जेरिकोच्या कवट्या आणि ‘मुखवटे’ हा शब्द

संपादक महोदय,

पॅलेस्टाईनमधील प्राचीन जेरिको येथे १९५३ साली ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ कॅथलीन केन्यन यांना उत्खननात सापडलेल्या, गिलावा चढवलेल्या मानवी कवट्यांना आपल्या लेखात ‘मुखवटे’ म्हटलेले मला खटकले, कारण मुखवटा चढवता-उतरवता येतो आणि या नवाश्मयुगीन (शेतीच्या सुरुवातीच्या काळातील) कारागिरांनी तर मृताच्या हाडांवरच चेहरा पुन्हा घडवला होता. त्यांपैकी ब्रिटिश म्युझियममधील एका कवटीच्या सीटी स्कॅनमधून दिसले की, तिला मागून भोक पाडून आत माती ठासली होती आणि ते भोक बारीक मातीच्या गोळ्याने बुजवले होते. बाहेरून गिलाव्याने नाक, गाल, कान उभे केले. डोळ्यांच्या जागी शिंपले बसवले. खालचा जबडा काढलेला असल्याने तो चेहरा काहीसा बसका दिसतो. पूर्वजपूजेशी याचा संबंध अनेक अभ्यासक जोडतात.

— एक वाचक, सातारा