‘हस्तघ्न’ समजावून सांगणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,
सादर नमस्कार.

फोनवर आभार मानून माझं समाधान झालं नाही, म्हणून हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितो आहे. आमच्या धनुर्विद्येच्या वर्गासाठी मराठीत छोटी पुस्तिका करायला घेतली होती आणि ‘आर्म गार्ड’ला जुना शब्द कोणता, एवढंच तुम्हाला विचारलं होतं. एखादा शब्द सांगून तुम्हाला मोकळं होता आलं असतं. तुम्ही पोथ्या काढून बसलात, आणि मलाही शेजारी बसवून घेतलंत.

धनुष्य कधी हाती न घेतलेल्यांसाठी सांगतो. बाण सुटला की प्रत्यंचा, म्हणजे धनुष्याची दोरी, झेपावते. धनुष्य धरलेला हात कोपरात नीट वळलेला नसेल, तर ती कोपराखाली आतल्या बाजूला सपकन बसते. वळ उठतो, काळंनिळं पडतं. नवं मूल त्या धास्तीनं पुढचा बाण सोडताना हात आखडून घेतं. तो मार झेलायला हातावर हे कवच.

अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशाच्या क्षत्रियवर्गात ‘गोधा तले ज्याघातवारणे’ असं आहे, हे तुम्ही आधी दाखवलंत. ज्येचा, म्हणजे प्रत्यंचेचा आघात वारणारी ती गोधा किंवा तल. गोधा म्हणजे घोरपडसुद्धा. तिच्या पिल्लाला ‘गौधेर’ म्हणावं, यासाठी पाणिनीनं ‘गोधाया ढ्रक्’ असं वेगळं सूत्र केलं आहे. तेव्हा घोरपडीच्या कातड्यावरून नाव पडलं असेल, असं कुणालाही चटकन वाटावं. पण तुम्ही लगेच ऋग्वेदाचं आठवं मंडल उघडलंत. तिथली गोधा निनादते: ‘गोधा परि सनिष्वणत्’. कुणी तिथे वाद्याची तार घेतात, कुणी हातावरचं चामडं. सोपी व्युत्पत्ती हाताशी असताना तुम्ही मला ही अवघड ओळ वाचायला लावलीत, याचे आभार वेगळे मानायला हवेत.

पण मला सगळ्यात भिडला तो ‘हस्तघ्न’. सहाव्या मंडलात 75वं सूक्त धनुष्य, ज्या, भाता, रथ अशा युद्धसाहित्याचं आहे. त्यातली 14वी ऋचा या कवचाची आहे. ‘अहिरिव भोगैः पर्येति बाहुं’: साप वेटोळी घालतो तसं ते बाहूला वेढतं आणि ज्येचा प्रहार अडवतं. पुढे तर त्याला जाणता पुरुष म्हटलं आहे, ‘पुमान् पुमांसं परि पातु विश्वतः’. या पुरुषानं त्या पुरुषाला सगळीकडून राखावं. रोज हातावर बांधायच्या एका चामड्याला इतका मान!

आणि शब्द कसा, तर ‘कृतघ्न’, ‘शत्रुघ्न’ यांच्या ओळीत बसणारा. मग हा हाताचाच घात करणारा की काय? तुम्ही वैदिक शब्दांची फोड करणाऱ्या यास्काचं वाक्य वाचून दाखवलंत: ‘हस्तघ्नो हस्ते हन्यते’. हातावर असताना ज्याला मार बसतो, तो हस्तघ्न. हे ऐकल्यावर मी तुम्हाला ते पुन्हा वाचायला लावलं होतं, आठवतं का?

रामायणात विश्वामित्रांमागून निघालेले राम-लक्ष्मण ‘बद्धगोधाङ्गुलित्राणौ’ आहेत, म्हणजे हातावर गोधा आणि बोटांना अंगुलित्राण. आमची मुलं आज मैदानावर उतरतात ती आर्म गार्ड आणि फिंगर टॅब लावूनच. मी हे सांगितलं तेव्हा ती आपापल्या हातांकडे बघायला लागली. विराटपर्वातला अर्जुनही त्यांना फार आवडला. बृहन्नडा होताना त्याला प्रश्न पडतो तो ज्येच्या माराच्या घट्ट्यांचा, तेही दोन्ही बाहूंवर, कारण तो सव्यसाची, दोन्ही हातांनी बाण सोडणारा. ते घट्टे तो बांगड्यांखाली झाकायचं ठरवतो. धनुर्धर त्याच्या हातांवरून ओळखू येतो, हे आमच्या मुलांना समजावून सांगावं लागत नाही.

पुस्तिकेत रोजच्या वापराला ‘आर्म गार्ड’च ठेवतो आहे, मैदानावर तोच शब्द चालतो. शेजारच्या चौकटीत हस्तघ्न, गोधा, तल आणि ज्याघातवारण येतील, तुम्ही सांगितलेल्या अर्थांसकट. एक विचारायचं राहिलं. शाकुंतलाच्या सहाव्या अंकात दुष्यंताला धनुष्य आणून देतात ते ‘हस्तावापसहित’. तो हस्तावाप मनगटावरचा की बोटांवरचा? छपाईला देण्याआधी रविवारी कच्ची प्रत घेऊन येतो, तेव्हा त्यावर बसू.

आपला कृतज्ञ,
मैदानावरचा विद्यार्थी