मिस्त्री, त्या खडूच्या रेघेबद्दल थँक्यू म्हणायचं राहून गेलं

मिस्त्री, रामराम.

तुम्ही मोबाईलवर फक्त बोलता हे माहितीय, म्हणून हे तुमच्या भाच्याकडून वाचून घ्या. तोंडावरच सांगायचं होतं. पण त्या दिवशी गाडीचं वेल्डिंगचं काम झाल्यावर तुम्ही आकडा सांगितला, मी पैसे दिले आणि घशात काहीतरी दाटून आलं, मग नुसतं "येतो" म्हणून गाडी काढली. साताऱ्याच्या पोवई नाक्यापर्यंत स्वतःलाच शिव्या देत आलो.

आधीचं रामायण तुम्हाला अर्धंच माहितीय. गाडी माझी जुनी थार, २०१६ची. आईचं माहेर पाटणच्या वरच्या डोंगरात, शेवटचे तीन किलोमीटर म्हणजे नुसता जांभा आणि पावसाच्या पाण्यानं पडलेले चर. म्हणून एका मोठ्या चकाचक दुकानातून (नाव घेत नाही, गावही सांगत नाही) 'हेवी ड्युटी रॉक स्लायडर' बसवून घेतले होते, म्हणजे दगडावर टेकली तरी गाडीला खालनं मार बसू नये म्हणून दरवाजांखाली लावायचे पाईप, साडेअकरा हजार मोजून. काळा पावडर कोट, वर लाल स्टिकर. पहिल्याच दगडावर गाडी टेकली आणि पाईप असा वर वळला की माझ्या बाजूचा दरवाजाच उघडेना, गियरच्या दांड्यावरून तंगडी टाकून आईच्या बाजूनं बाहेर पडलो. खाली वाकून बघतो तर काय, बॉडीला चार बोल्टांवर लटकवलेलं पायदान! चेसीशी, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्याशी, त्याचा काही संबंधच नाही. दुकानात गेलो तर पोरगा म्हणतो, सर तुम्ही गाडी दगडावर घातली होती का. अरे मग रॉक म्हणजे काय फुगा? स्टिकर मात्र अजून शाबूत आहे, फेकवत नाही.

मग आपणच घरी बनवू हे खूळ डोक्यात शिरलं. दीड इंची सी क्लास, म्हणजे सगळ्यात जाड पाईप आणला, तो लाल पट्ट्याचा, बाहेरून ४८.३ मिमी आणि जाडी ४ मिमी, मीटरला साडेचार किलोच्या जवळ भरतो. भाड्यानं वेल्डिंग मशीन आणलं, सोसायटीच्या पार्किंगमध्ये तीन रविवार ग्रायंडर चालवला, खालच्या मजल्यावरच्या काकूंनी बोलणं टाकलं. पुठ्ठ्याचे टेम्प्लेट, व्हिडिओ बघून काढलेली ड्रॉइंगं, सगळं तयार, फक्त चेसीला हात लावायची हिंमत होईना. ते घेऊन तीन फॅब्रिकेशनवाल्यांकडे गेलो. एकानं ड्रॉइंग बघितलंच नाही, ग्रिल-गेट असेल तर सांगा म्हणाला. दुसरा म्हणे, थांबा लगेच चिकटवून देतो, आणि बॅटरीची वायरसुद्धा न काढता रॉड घेऊन गाडीखाली शिरायला लागला. तिसऱ्यानं ॲडव्हान्स घेतला आणि महिनाभर "उद्या या" केलं.

तुमच्याकडे कुणीतरी सहज पाठवलं, जुन्या एमआयडीसीच्या मागं, पत्र्याच्या शेडमध्ये. हंगाम तोंडावर आलेला, उसाच्या दोन ट्रॉल्या उलट्या पडलेल्या, तुम्हाला मान वर करायला वेळ नव्हता. तरी हातातलं काम ठेवून माझा वेल्ड हातात घेतलात. माझे वेल्ड म्हणजे भिंतीवर शेण्या थापल्यासारखे. तुम्ही काहीच बोलला नाही, हातोड्याचा एक दणका दिला, जोड सुटून माझ्या पायाशी पडला आणि म्हणालात, "पाव्हणं, पाईप चांगला आणलाय." एवढंच. मला हसावं का रडावं कळेना.

पुढचे चार दिवस काय काय केलं ते सगळं लिहीत बसत नाही, ज्याला करायचंय त्यानं तुमच्यासारखा माणूस शोधावा. पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. पाईप चेसीला जोडायच्या प्लेटा मी चौकोनी कापून आणलेल्या, त्या तुम्ही बाजूला सारल्या आणि कडेच्या ट्रॉलीची तुटलेली चॅनल दाखवली. "हितं उभा वेल्ड मारलावता. बगा, बरोबर त्येच्याच कडंनं गेली." मग माझ्या ६ मिमीच्या प्लेटा पानाच्या आकारात कापल्या, चेसीवर वेल्ड तिरका उतरेल अशा, सरळ उभी रेघ कुठंच नाही. हेच मी रात्री दोन वाजेपर्यंत परदेशी व्हिडिओत ऐकलं होतं, ते तुम्हाला उसानं शिकवलेलं. शेवटी पाईपखाली जॅक लावून एका अंगाची दोन्ही चाकं उचललीत आणि दरवाजा माझ्याकडून दहा वेळा उघडायला-लावायला लावलात. काहीसुद्धा अडकलं नाही.

आता मेन गोष्ट. शेवटच्या दिवशी आई बरोबर होती, तिथनंच पुढं तिला गुडघ्याच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं. तिला गाडीत चढवताना मी नेहमीसारखा मागून ढकलत होतो आणि ती नेहमीसारखी "राहू दे रे" म्हणत होती. तुम्ही लांबनं बघत होता. जवळ आलात आणि माझ्याशी नाही, थेट तिच्याशी बोललात. "आक्का, एकटं चढताना पाय कुटं टाकता? दावा बरं." आई लाजली, पण दाखवलं. दोनदा दाखवलं. मग तुम्ही भंगारातनं चेकर प्लेटचा, त्या पाय न घसरणाऱ्या खडबडीत पत्र्याचा, तुकडा काढला, दोन पाईपांच्या मधल्या गाळ्यात धरला, तिला चपलेसकट पाय ठेवायला लावला आणि खाली उकिडवं बसून खडूनं तिच्या पावलाभोवती रेघ ओढली. लहान पोराचं माप घेतात ना बुटाचं, तशी.

प्लेट पाईपांच्या मधेच बसवली, खाली लोंबकळत नाही, म्हणजे दगडालाही लागायची नाही. हे मला सुचलं नव्हतं. तीन रविवार टेप घेऊन गाडीखाली लोळलो पण आईचा पाय कुठं पडतो हे एकदाही बघितलं नव्हतं.

आणि त्याच्यापुढचं. प्लेट बसल्यावर तुम्ही खांद्यावरचा पंचा काढून कडेवरनं फिरवलात. मला वाटलं पुसताय. एका कोपऱ्यात धागा अडकला, तुम्ही फाईल मारली, परत पंचा फिरवला, परत फाईल. "लुगड्याचा काठ अडाकला तर तोंडावर पडंल म्हातारी," असं माझ्याकडे न बघताच बोललात. तोपर्यंत गेली दोन वर्षं मला प्रत्येकानं एकच ऐकवलेलं, म्हाताऱ्या माणसाला कशाला थारमध्ये बसवता, दुसरी गाडी घ्या. तिच्यादेखत, ती तिथं नाहीच अशा थाटात. दवाखान्यात तेच, तिचं दुखणं मला विचारतात. बँकेत तेच. तिच्याकडे तोंड करून तिलाच विचारणारी माणसं हल्ली इतकी कमी झालीत की एक भेटला तर घसा दाटतो, त्याला मी तरी काय करू. बिलात "प्लेट तुकडा ६० रु." असं लिहिलेलं, मजुरीचा रकाना कोरा. तो कागद ठेवलाय मी.

नवरात्रात आईला घेऊन गेलो वर, दोन वर्षांनी. एकटी चढली, मी दुसऱ्या बाजूला मुद्दाम किल्ली शोधत उभा राहिलो. शेवटच्या चढाला गाडी उजव्या अंगानं जांभ्यावर टेकली आणि खालनं खरर्र असा लांबलचक आवाज आला, माझे डोळे आपोआप मिटले. आई म्हणाली, काय झालं रे? म्हटलं, काही नाही, मिस्त्री बोलले. दरवाजा मख्खनसारखा उघडला.

तेवढा उजव्या पाईपचा रंग खरवडून निघालाय. रविवारी येतो, रेड ऑक्साईड आणि ब्रश मी आणतो, तुम्ही फक्त शेड उघडी ठेवा. मामानं पिशवीभर घेवडा दिलाय आणि त्यातला अर्धा तुमचा आहे असं आईनं आधीच ठरवलंय. ती पण येणार आहे म्हणतेय, पंचाचा धागा कुठं अडकलावता ते तिला बघायचंय.